उपग्रहाची चित्रं, डीप लर्निंग आणि ठाणे जिल्ह्याची माती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुरबाड-शहापूरचे भातशेतकरी, कृषी पदवीचे विद्यार्थी आणि ठाणे-नवी मुंबईत डेटाचं काम करणारी तरुण मंडळी या विषयावर बरेचदा तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान. आपल्या भागात लागू पडेल तेवढंच लिहिलं आहे. पंजाबच्या सपाट गव्हाच्या शेतांवर चालणारी पद्धत आपल्या खाचरांवर तशीच्या तशी चालत नाही.

उपग्रहावरून मातीचं नेमकं काय कळतं?

उपग्रह माती मोजत नाही. मातीवर पडून परत आलेला प्रकाश किंवा रेडिओलहरी मोजतो, आणि त्यावरून आपण अंदाज बांधतो. वरच्या थरातला ओलावा, मातीचा पोत म्हणजे चिकणमाती-गाळ-वाळूचं प्रमाण, सेंद्रिय कर्ब, लोहाची ऑक्साइडं, पृष्ठभागावर आलेले क्षार, जमिनीचं तापमान आणि ढेकळांचा खडबडीतपणा, एवढ्या गोष्टींचा अंदाज बऱ्यापैकी येऊ शकतो.

याला भौतिक कारण आहे. चिकणमातीतली खनिजं २२०० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतात. आपल्या तांबड्या मातीतलं लोह ९०० नॅनोमीटरच्या जवळपास खूण सोडतं. सेंद्रिय कर्ब वाढला की माती दृश्य प्रकाशात काळपट दिसते. पाण्याच्या ठळक खुणा १४०० आणि १९०० नॅनोमीटरला असतात, पण तिथे हवेतली वाफच प्रकाश गिळून टाकते, त्यामुळे त्या अवकाशातून वाचता येत नाहीत.

युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांवर १३ बँड, म्हणजे प्रकाशाचे वेगवेगळे मोजले जाणारे पट्टे, आहेत आणि त्यांची चित्रं कुणालाही फुकट मिळतात. त्यांचा २१९० नॅनोमीटरजवळचा बँड सुमारे १८० नॅनोमीटर रुंद आहे. जांभ्यातलं केओलिनाइट आणि काळ्या मातीतलं स्मेक्टाइट यांच्या खुणांमधला बारीक फरक एवढ्या रुंद बँडमध्ये पुसला जातो. तो फरक पाहायचा तर जर्मनीच्या एनमॅपसारखा हायपरस्पेक्ट्रल, म्हणजे पुष्कळ अरुंद बँडांचा, उपग्रह लागतो. एनमॅप एप्रिल २०२२ मध्ये अवकाशात गेला आणि त्याचा पिक्सेल, म्हणजे चित्रातला सर्वांत लहान चौकोन, ३० मीटरचा आहे.

मग डीप लर्निंग कशासाठी? साधं सूत्र का चालत नाही?

डीप लर्निंग म्हणजे भरपूर उदाहरणं दाखवून संगणकातल्या जाळ्याला, म्हणजे मॉडेलला, खुणा स्वतःच ओळखायला शिकवणं. प्रयोगशाळेत वाळवून, चाळून ठेवलेल्या मातीवर साधं सूत्र छान चालतं. शेतात मात्र काळपट रंग कर्बामुळे आहे, ओलाव्यामुळे आहे, सावलीमुळे आहे की राखेमुळे, हे एकट्या पिक्सेलवरून सांगता येत नाही. आजूबाजूला काय आहे आणि आधीच्या-नंतरच्या चित्रांत काय होतं, ते पाहावं लागतं.

सीएनएन प्रकारचं जाळं आजूबाजूचं पाहतं: उतार, बांध, ओढा, झाडांची रांग. एलएसटीएम किंवा ट्रान्सफॉर्मर प्रकारचं जाळं काळाच्या ओघात काय बदललं ते पाहतं. मला यातला दुसरा प्रकार आपल्या भागासाठी जास्त मोलाचा वाटतो. परतीचा पाऊस थांबल्यावर वरकस, म्हणजे उतारावरची हलकी जमीन चार-पाच दिवसांत फिकी पडते आणि खोलगट चिकण खाचर कितीतरी दिवस गडद राहतं. म्हणजे वाळण्याचा वेगच मातीचा पोत सांगतो. ही गोष्ट शेतकऱ्याला पाहून माहीत असते, मॉडेलला ती चित्रांच्या मालिकेतून शिकता येते.

किती खोलीपर्यंतची माती दिसते?

साध्या, म्हणजे प्रकाशावर चालणाऱ्या उपग्रहाला फक्त कातडी दिसते, मिलिमीटरपेक्षाही पातळ. रडारला कोरड्या मातीत काही सेंटिमीटर. नासाचा स्मॅप उपग्रह वरच्या ५ सेंटिमीटरांचा ओलावा देतो.

प्रयोगशाळेत जाणारा नमुना मात्र १५-२० सेंटिमीटर खोलीचा असतो. नांगरलेल्या शेतात वरची-खालची माती मिसळलेली असल्यामुळे ही तफावत चालून जाते. न नांगरलेल्या वरकसावर, गवताखाली किंवा बागेत ती चालत नाही. तिथल्या वरच्या थरात पालापाचोळ्याचा कर्ब साठलेला असतो आणि खाली गेलं की तो झपाट्याने कमी होतो.

माझी जमीन दोन एकर, तीही आठ-दहा खाचरांत विभागलेली. एवढ्या लहान शेताचं काही कळेल का?

हिशेब गुंठ्यात करू. सेंटिनेल-२ चा १० मीटरचा पिक्सेल म्हणजे १०० चौरस मीटर. एक गुंठा १०१ चौरस मीटरचा. म्हणजे दृश्य प्रकाशाच्या चित्रात एक पिक्सेल बरोबर एका गुंठ्याएवढा. दोन एकरात असे ८० पिक्सेल येतात, हे काही कमी नाही.

अडचण पुढे आहे. चिकणमातीची खूण ज्या बँडमध्ये दिसते त्याचा पिक्सेल २० मीटरचा, म्हणजे सुमारे चार गुंठ्यांचा. तुमचं एखादं खाचर पाच-सहा गुंठ्यांचं असेल तर त्यात पूर्ण बसणारा असा एकही पिक्सेल बहुधा सापडणार नाही. प्रत्येकात थोडा बांध, थोडं शेजारचं खाचर, बांधावरच्या ऐनाची किंवा आंब्याची थोडी सावली. बांधावर गवत असतं, आणि गवताचं परावर्तन मातीपेक्षा इतकं वेगळं की पिक्सेलचा जरासा भाग गवताने व्यापला तरी आकडा हलतो.

म्हणून माझं मत असं की आपल्याकडे खाचरनिहाय आकडा देण्याचा हट्ट धरू नये. एका उताराला लागून असलेल्या खाचरांचा पट्टा, म्हणजे वरची, मधली आणि तळाची खाचरं, असा अंदाज दिला तर तो टिकतो आणि उपयोगीही पडतो. धुपून आलेला गाळ तळाच्या खाचरात बसतो, त्यामुळे खरा फरक बहुतेक वेळा वर-खालीच असतो.

स्मॅपचं काय, असंही विचारलं जातं. त्याची मूळ चौकट ३६ किलोमीटरची आहे. अख्खा ठाणे जिल्हा ४,२१४ चौरस किलोमीटरचा, म्हणजे तशा जेमतेम सव्वातीन चौकटी. जिल्ह्याचा पाऊसपाणी-अंदाज घ्यायला तो ठीक, शेताला नाही.

कुठल्या महिन्यातली चित्रं घ्यायची?

आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच, कारण यात चुकलं तर पुढचं कितीही भारी मॉडेल ते सावरू शकत नाही.

जून ते सप्टेंबर ढगांमुळे प्रकाशाची चित्रं जवळपास निरुपयोगी. ढगांच्या फटीतून एखादं चित्र मिळालं तरी खाचरात पाणी आणि भात. ऑक्टोबरमध्ये हळवं भात निघतं, गरवं नोव्हेंबरपर्यंत उभं असतं. कापणीनंतर माती उघडी झाली असं वाटतं, पण ती उघडी नसते. धसकटं असतात, कुठे पेंढा पसरलेला असतो. वाळक्या पेंढ्यातल्या सेल्युलोजची खूण २१०० नॅनोमीटरला येते, चिकणमातीच्या खुणेच्या अगदी शेजारी, आणि सेंटिनेलच्या रुंद बँडमध्ये दोन्ही एकमेकांत मिसळतात. हिरवळीचा निर्देशांक, म्हणजे एनडीव्हीआय, पेंढ्याला पकडत नाही कारण पेंढा हिरवा नसतो. म्हणून दोन लघु-अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या, लाल रंगापलीकडच्या) बँडांवरून काढलेला एनबीआर२ हा निर्देशांकही तपासावा. तो जास्त आला तर तो पिक्सेल वगळायचा.

नोव्हेंबर-डिसेंबरात ओलाव्यावर वाल, हरभरा, मूग असतो. जानेवारी-फेब्रुवारीत तो निघतो. तोवर गुरांनी धसकटं चरून, तुडवून साफ केलेली असतात. त्यामुळे मार्च ते मे हा आपला खरा काळ. त्यातही एप्रिलचा दुसरा पंधरवडा ते मेचा मध्य मला सर्वांत बरा वाटतो. माती कोरडी, त्यामुळे ओलाव्याची लुडबुड कमी, आणि मॉन्सूनपूर्व ढग अजून दाटलेले नसतात.

दोन सेंटिनेल-२ उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी एक फेरी होते. या तीन महिन्यांत सहज पंधरा-अठरा चित्रं हाती लागतात. एकाच चित्रावर विसंबू नये. तीन-चार वर्षांची मार्च-मेची चित्रं घेऊन प्रत्येक पिक्सेलचं उघड्या मातीचं मध्यक, म्हणजे क्रमाने लावलेल्या आकड्यांतला मधला आकडा, काढावं. त्या एका कृतीने धूर, धुकं, सावल्या, नुकतंच टाकलेलं शेणखत, सगळ्याचा त्रास बराच कमी होतो. कल्याण-डोंबिवली आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यावरचा धुरकटपणा वातावरण-दुरुस्ती केलेल्या एल२ए चित्रांतही थोडा उरतोच, तिथे तर मध्यकाशिवाय पर्याय नाही.

मार्च-मे घेतलं की राब भाजणीचा त्रास होत नाही का?

होतो, आणि पुष्कळ होतो. पावसाआधी रोपवाटिकेच्या जागेवर पालापाचोळा, गवत, शेणी, वरून माती टाकून राब भाजतात. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांभोवती मेच्या चित्रात हे राब लहान काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात. बहुतेक राब एक-दोन गुंठ्यांचे, म्हणजे एक-दोन पिक्सेलचे. मॉडेल 'काळं म्हणजे कर्ब' एवढंच शिकलं असेल तर ते तिथे भरघोस कर्ब दाखवतं. प्रत्यक्षात ती राख आणि कोळसा आहे, आणि तोही फक्त वरच्या बोटभर थरात.

यावर उपाय आहे. राब फेब्रुवारी-मार्चच्या चित्रात नसतो आणि मेमध्ये अचानक येतो. खरी कर्बयुक्त माती दोन्ही चित्रांत गडद असते. त्यामुळे तारखांची मालिका मॉडेलला दिली तर हा फरक ते शिकतं, पण शिकवणीच्या नमुन्यांत राबाच्या जागांवरचेही काही नमुने असले तरच. ते घेताना 'इथे राब होता' अशी नोंद हवी. ही नोंद हैदराबादेत किंवा बंगळुरूत बसून कुणी करू शकत नाही. कुठल्या शेताच्या कोपऱ्यात राब लागतो हे गावातल्या माणसालाच ठाऊक असतं, म्हणून मॉडेल बनवणाऱ्यांच्या बैठकीत तो माणूस असायलाच हवा.

भिवंडी तालुक्याचे नकाशे नेहमी चुकीचे का येतात?

उघड्या मातीचं मध्यक काढताना जी जागा वर्षभर उघडी असते तिचे पिक्सेल सगळ्यात जास्त मिळतात. भिवंडीत वर्षभर उघडी असते ती शेतं नव्हेत. गोदामांसाठी मुरूम टाकून सपाट केलेले प्लॉट, वीटभट्ट्यांच्या जागा, दगडखाणींची आवारं आणि रस्त्यांचे भराव, हेच तिथे बारमाही उघडे असतात. ते काढून टाकले नाहीत तर नकाशा शेतीच्या मातीचा न राहता भरावाचा होतो. समृद्धी महामार्ग आमणे इथे भिवंडी तालुक्यात उतरतो. त्याच्या दोन्ही अंगांना गेल्या काही वर्षांत जमीन इतकी बदलली आहे की जुने नमुने आणि नवी चित्रं एकत्र वापरणंच चूक ठरतं.

वीटभट्टीचा वेगळा मुद्दा आहे. तिथे वरची सुपीक माती काढून नेलेली असते. हे नुकसान उपग्रहातून खरंच चांगलं दिसतं, कारण खालचा फिका मुरमाड थर उघडा पडतो. पंचायतींनी यासाठी ही चित्रं वापरावीत असं मला मनापासून वाटतं.

सोपा नियम असा: ज्या पिक्सेलवर वर्षातून एकदाही हिरवळ येत नाही, तो शेतीचा पिक्सेल धरू नये.

उपग्रहावरून नत्र, स्फुरद, पालाश सांगतो म्हणणाऱ्या सेवा खऱ्या का?

मातीतल्या उपलब्ध नत्र-स्फुरद-पालाशाची स्वतंत्र खूण सेंटिनेलसारख्या उपग्रहाच्या बँडमध्ये येत नाही. जो आकडा दिला जातो तो पोत, कर्ब, जुने नमुने यांच्याशी असलेल्या संबंधावरून ओढून काढलेला असतो. मागच्या आठवड्यात तुम्ही टाकलेला युरिया त्याला कळत नाही. सामूचंही (पीएच) तसंच, तोही आडून काढलेला अंदाज.

अशा आकड्यावर खताचे पैसे खर्च करू नका. मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटकांची तपासणी होते, ती करून घ्या. सेवा विकणाऱ्याला एकच विचारा: माझ्या तालुक्यातले किती नमुने तपासून हे मॉडेल बनवलं? उत्तर मिळालं नाही तर पुढे बोलायची गरज नाही.

ओलाव्याचा अंदाज पावसाळ्यातही मिळतो ना? रडार ढगातून पाहतं म्हणतात.

रडार ढगातून पाहतं हे खरं. पदार्थ रडारलहरीला किती प्रतिसाद देतो ते डायइलेक्ट्रिक स्थिरांक सांगतो. तो कोरड्या मातीचा ३ ते ५, पाण्याचा जवळपास ८०. त्यामुळे माती ओली झाली की रडारचा परतावा वाढतो. सेंटिनेल-१ या युरोपच्या रडार-उपग्रहाची लहर ५.६ सेंटिमीटरची आहे.

पण जुलैत चिखलणी करून लावणी झाली की खाचरात पाणी उभं असतं. साचलेल्या सपाट पाण्यावरून लहर पुढे निघून जाते, उपग्रहाकडे परत येत नाही, आणि चित्रात ते खाचर काळं दिसतं. नंतर भात वाढतं तसा परतावा वाढत जातो, पण तो भाताचा असतो, मातीचा नव्हे. लावणी कधी आणि कुठे झाली हे यावरून उत्तम कळतं. मातीचा ओलावा कळत नाही, आणि तेव्हा तो कळून करायचंही काही नसतं.

आपल्याकडे ओलाव्याचा अंदाज खऱ्या कामाचा ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर. भात निघाल्यावर कुठल्या खाचरात वाल-हरभरा उगवेल इतकी ओल शिल्लक आहे, आणि ती किती दिवस टिकेल, हे शेतकऱ्याला हवं असतं. आकाश मोकळं असल्यामुळे सेंटिनेल-१ आणि सेंटिनेल-२ दोन्ही हाताशी असतात आणि मॉडेलला दोन्ही एकत्र देता येतात. रडारला ढेकळं आणि ओलावा यात गल्लत होते, तिथे प्रकाशाचं चित्र मदतीला येतं.

३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेल्या निसार उपग्रहाकडून मला बरीच आशा आहे. त्यावर नासाचं एल-बँड आणि इस्रोचं एस-बँड अशी दोन रडारं आहेत. एल-बँडची लहर सुमारे २४ सेंटिमीटरची, ती पिकाच्या पानांतून जास्त आत शिरते. बारा दिवसांनी तीच जागा पुन्हा. शहापूर-मुरबाडच्या डोंगरउतारांवर मात्र कुठलंही रडार चकतं. उपग्रहाकडे तोंड केलेला उतार चित्रात आखडतो आणि पलीकडचा सावलीत जातो. माळशेजच्या पायथ्याचे आकडे घेताना उताराचा नकाशा सोबत लावावा.

खाडीकाठच्या खार जमिनीसाठी याचा उपयोग आहे का?

आहे, आणि माझ्या मते ठाणे-रायगड पट्ट्यात या तंत्राचा सर्वांत सरळ उपयोग इथेच आहे. उल्हास नदीच्या मुखाशी आणि ठाणे खाडीच्या कडेने बांध फुटला की भरतीचं पाणी आत शिरतं. पाणी ओसरल्यावर क्षार राहतात. फेब्रुवारीपासून उन्हाने खालचं खारं पाणी वर ओढलं जातं आणि एप्रिल-मेपर्यंत पृष्ठभागावर पांढरी पापडी धरते. ही पापडी सर्व दृश्य बँडांत उजळ दिसते.

मातीच्या अर्काची विद्युत वाहकता मीटरला ४ डेसिसीमेन्सच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त म्हणतात. उपग्रहावरून ४ आणि ६ यांतला फरक सांगता येईल असं मी म्हणणार नाही. पण पापडी धरलेली, मधली आणि बरी अशी तीन गटांत वाटणी नीट होते, आणि बांध कुठून गळतोय हे पाहायला तेवढं पुरतं. क्षारांची जीभ ज्या दिशेने आत आलेली दिसते त्या टोकाला फट असते.

एक काळजी घ्यावी. जूनच्या पहिल्या दोन-तीन जोरदार पावसांत वरचे क्षार धुऊन जातात. मेमध्ये काढलेला नमुना आणि ऑगस्टमध्ये काढलेला नमुना यांचे आकडे एकाच शेताचे असूनही जुळत नाहीत, आणि दोन्ही खरे असतात. म्हणून मॉडेलला नमुन्याची तारीख द्यावी आणि नकाशावरही महिना छापावा. लागवडीचा सल्ला मात्र नकाशावरून घेऊ नये. पनवेलला खार जमीन संशोधन केंद्र आहे, क्षार सोसणारी भाताची पनवेल-१, २, ३ ही वाणं तिथलीच. भाताचं विचारायचं ते तिथे विचारावं.

तिवरांची जागा खार जमीन समजून मॉडेल गोंधळतं, तेव्हा ती आधीच वगळा. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ पासून रामसर स्थळ आहे. तिथल्या चिखलाच्या पट्ट्या शेतजमीन म्हणून नकाशात येणं बरं नव्हे.

'अचूकता ९० टक्के' असं लिहिलेलं असतं, ते खरं मानायचं का?

आधी विचारा, तपासणी कशी केली.

नमुने सरमिसळ करून ८० टक्के शिकवायला आणि २० टक्के तपासायला ठेवले, ही पद्धत सगळीकडे चालते. मातीत ती फसवते. समजा मुरबाडच्या एका गावातून जवळजवळ तीस नमुने घेतले. त्यातले सहा तपासणीत गेले. प्रत्येक तपासणी-नमुन्याच्या शंभर-दीडशे मीटरवर शिकवणीचा एक नमुना आहेच. सीएनएनला प्रत्येक नमुन्याभोवतीचा, समजा, ३२ बाय ३२ पिक्सेलचा तुकडा देतात. तो ३२० मीटर रुंद असतो. म्हणजे तपासणीच्या तुकड्यातला अर्धाअधिक भाग मॉडेलने शिकताना आधीच पाहिलेला असतो. असं मॉडेल माती शिकत नाही, ती जागाच ओळखून बसतं. परीक्षेआधी पेपर फुटल्यासारखंच हे.

खरी कसोटी अशी: मुरबाडच्या नमुन्यांवर शिकवा, शहापूरच्या नमुन्यांवर तपासा. निदान गावं तरी वेगळी ठेवा. आकडा बराच खाली येतो. येऊ द्या. तो खरा आकडा.

दुसरं, चूक टक्क्यांत नको, मोजमापाच्या एककात सांगा. सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्यांच्या खाली कमी आणि ०.७५ च्या वर जास्त धरतात. मॉडेलची सरासरी चूक ०.३ असेल तर 'कमी' आणि 'जास्त' यांतलं अख्खं अंतर त्या चुकीत बुडून जातं. अशा नकाशाला रंग कितीही सुंदर दिले तरी त्यावरून सल्ला देता येत नाही. आणि प्रत्येक पिक्सेलसोबत अनिश्चिततेचा नकाशा द्यावा. जिथे अनिश्चितता जास्त, पुढच्या वर्षी नमुने तिथूनच घ्यायचे. माझ्या लेखी या सगळ्या खटाटोपाचं सर्वांत रोख फळ हेच आहे: कुदळ कुठे मारायची ते कळतं.

मृदा आरोग्य पत्रिकेचे नमुने शिकवणीला वापरता येतील का?

जपून. ही योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झाली तेव्हा बागायतीत अडीच हेक्टरला आणि जिरायतीत दहा हेक्टरला एक नमुना असं जाळं ठरलं होतं. दहा हेक्टर म्हणजे सेंटिनेलचे १,००० पिक्सेल. त्या हजारांतल्या कुठल्या पिक्सेलला तो आकडा चिकटवायचा? शिवाय त्या जाळ्यात वरकस आणि तळाचं खाचर दोन्ही येऊ शकतात.

त्या आकड्यांतून तालुक्याचा सर्वसाधारण कल कळतो आणि मॉडेल फार भरकटलं तर ध्यानात येतं. शिकवणीचा गाभा म्हणून नेमक्या जागेचे, स्वतः घेतलेले नमुनेच हवेत.

मी ठाण्यात इंजिनीअरिंगला आहे. प्रकल्पासाठी सुरुवात कुठून करू?

मॉडेलपासून करू नका. एक तालुका आणि एकच गुणधर्म निवडा. कर्ब किंवा पोत घ्या. सेंटिनेलची चित्रं कोपर्निकसच्या पोर्टलवर फुकट आहेत, गूगल अर्थ इंजिनवर विद्यार्थ्यांना ती डाउनलोड न करताही वापरता येतात. उताराचा नकाशा आणि इस्रोचं भुवन पोर्टल सोबत ठेवा. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्युरोचे मृदा-नकाशे पाहा, म्हणजे आपण कुठल्या प्रकारच्या मातीत उभे आहोत हे तरी कळेल.

मग पहिल्यांदा रँडम फॉरेस्ट, म्हणजे पुष्कळ निर्णय-वृक्षांचं मत एकत्र घेणारी साधी पद्धत, चालवा. नमुने दोन-तीनशेच असतील तर ते सीएनएनच्या तोडीस तोड येतं, बरेचदा पुढेही जातं. डीप लर्निंगला भूक मोठी असते. नमुने कमी असताना ते वापरायचंच असेल तर आधीच शिकलेलं जाळं घेऊन त्याचा शेवटचा भाग आपल्या नमुन्यांवर घडवावा. नासा आणि आयबीएम यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये 'पृथ्वी' नावाचं असं एक मॉडेल सर्वांसाठी खुलं केलं. उपग्रहचित्रांची सर्वसाधारण समज त्यात आधीच आहे, तुम्हाला फक्त माती शिकवायची असते.

एवढं करून सीएनएन रँडम फॉरेस्टपेक्षा पुढे गेलं नाही तर तसंच लिहा. तो निकालच आहे, आणि पुढच्या विद्यार्थ्याचे सहा महिने वाचवणारा निकाल आहे.

नवी मुंबईत, शहरात, याचा काही उपयोग?

थोडाच. सिडकोने वसवलेल्या बऱ्याच नोडांत खाडीकाठची, भराव घातलेली जमीन आहे. वर दिसते ती बाहेरून आणलेली मुरूम-माती, खालच्या थराशी तिचं नातं नाही. शहरात जमिनीचं तापमान हा गुणधर्म मात्र कामाचा आहे. लँडसॅट ८ आणि ९ मिळून आठ दिवसांनी ते मोजता येतं, मूळ पिक्सेल १०० मीटरचा. कुठला मोकळा भूखंड तापतो आणि कुठे झाडं लावली तर फरक पडेल, हे त्यातून दिसतं.

ड्रोनने जास्त चांगलं होईल का?

पिक्सेल लहान होतो, बांध वेगळा काढता येतो. पण साध्या ड्रोन-कॅमेऱ्यात लघु-अवरक्त बँड नसतात, म्हणजे चिकणमातीची खूणच हातून जाते. शिवाय नवी मुंबई आणि ठाण्याच्या बऱ्याच भागात विमानतळांमुळे परवानगीचा प्रश्न येतो. खार जमिनीची पापडी किंवा बांधाची फट पाहायची असेल तर ड्रोन जरूर वापरा.

या नकाशांवरून कुणी माझ्या जमिनीचा भाव पाडला तर?

ही भीती खरी आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नये. महामार्ग, गोदामं, विमानतळ यांच्या आसपास जमिनीचे व्यवहार जोरात असताना 'तुमची जमीन नकाशात नापीक दाखवते' असं म्हणणारा दलाल कुठेही भेटेल. म्हणून आम्ही आग्रह धरतो की लोकांसमोर येणारा नकाशा गट क्रमांकानुसार नसावा, पट्ट्यानुसार असावा. शेतकऱ्याचा स्वतःचा नमुना आणि त्याचा आकडा त्याच्या संमतीशिवाय कुणाला देऊ नये. आणि नकाशावर चुकीचं प्रमाण ठळक छापलेलं असावं, तळटीपेत लपवलेलं नसावं.

आम्हाला आमच्या शेतातले नमुने द्यायचे आहेत. काय काळजी घ्यायची?

मार्च-मेमध्ये घ्या, शेणखत टाकण्याआधी. बांधापासून, झाडाच्या सावलीपासून, उकिरड्यापासून दूर, खाचराच्या मधोमध उभे राहा. फोनचं जीपीएस सुरू करून एक-दोन मिनिटं थांबा, लगेच दिसणारा आकडा लिहू नका. मोकळ्या जागी तो तीन-पाच मीटरपर्यंत बरोबर येतो, झाडाखाली नाही. मधल्या जागेभोवती दहा पावलांत पाच ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचे १५ सेंटिमीटरचे खड्डे घ्या. खड्ड्याच्या कडेची वरपासून खालपर्यंत सारखी पापुद्र्यासारखी माती काढा. घमेल्यात एकत्र करा, ढीग पसरून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका. अर्धा किलो उरेपर्यंत हे करत राहा. घमेलं प्लास्टिकचं घ्या, लोखंडी घमेल्याने लोहाचा आकडा बिघडतो.

वरचा बोटाच्या पेराएवढा थर वेगळ्या पिशवीत द्यायला जमलं तर फार चांगलं, कारण उपग्रहाला तोच दिसतो.

पिशवीवर तारीख, गाव, अक्षांश-रेखांश आणि खोली लिहा. सोबतच्या कागदावर शेवटचा पाऊस कधी झाला, मागचं पीक कोणतं, राब किंवा पेंढा जाळला का, बाहेरून माती आणून टाकली का, एवढं लिहा. उभ्याने, पायाजवळच्या मातीचा सरळ खाली एक फोटो काढा आणि चारी दिशांना एकेक. फोनमधली तारीख आणि लोकेशन चालू ठेवून काढलेले हे पाच फोटो नमुन्याच्या क्रमांकासह पाठवा.